माळ हवी, डॉक्टरही हवा

गळ्यात वारकऱ्याची तुळशीची माळ पडली की दारू आपोआप सुटते, मग व्यसनमुक्ती केंद्रे कशाला, असे एका वाचकाने लिहिले आहे. निम्मे पटले. माळ घेऊन सावरलेली घरे भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर कुणीही दाखवील. पण त्यात 'आपोआप' काही नसते. दिवेलागणीला पाय गुत्त्याकडे वळायचे, नेमका त्याच वेळी हरिपाठ असतो. हाती टाळ येतो, शेजारी बसणारी माणसे बदलतात. आमच्याकडे आषाढात भातलावणी; चिखलातून पाय काढून पंढरी गाठणे सगळ्यांना जमत नाही. म्हणून गावातला हा रोजचा नेम वारीहून मोलाचा, असे माझे मत (कीर्तनकार रागावतील).

मात्र वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबवली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येते. जीवही जाऊ शकतो. तिथे औषधच लागते. अवचट दाम्पत्याने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काढले ते उगीच नव्हे. आणि उपचार म्हणजे देवाला रजा, असेही नाही. १९३५मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत ईश्वराला शरण जाणे आहेच.

आणखी एक. माळ घेऊन पुन्हा घसरलेल्याला 'माळ बाटवली' म्हणत भजनातून उठवले, की तो तोंड लपवत थेट गुत्ता गाठतो. त्या पत्रलेखकांची भजनी मंडळात ऊठबस दिसते. त्यांनी अशाला दुसऱ्याच दिवशी बोलावणे धाडावे, आणि नव्याला माळ घालण्याआधी भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवून आणावे.

– एक वाचक, वेल्हे