'संतोष'ला अटकाव कोणाच्या अब्रूसाठी?

संध्या सुरी यांचा 'संतोष' हा हिंदी चित्रपट 2024 साली कान येथे दाखविला गेला, ब्रिटनने तो आपला म्हणून ऑस्करला पाठविला. आणि मार्च 2025 मध्ये आमच्या प्रमाणन मंडळाने त्याला भारतात परवानगी नाकारल्याचे उघड झाले. लंडनकराने जे खुशाल पाहावे ते कासुर्डीच्या माणसाने पाहू नये, असा हा अजब न्याय!

असे आहे तरी काय त्यात? दंग्यात मारल्या गेलेल्या शिपायाची विधवा त्याच्या जागी नोकरीस लागते. एक दलित बाप मुलगी हरवल्याची तक्रार घेऊन येतो. त्याची दाद कोणी घेत नाही. पुढे मुलीचे प्रेत विहिरीत सापडते, क्षोभ उसळतो, आणि तो शमविण्यासाठी एका मुसलमान तरुणाचा कोठडीत मार खाऊन जीव जातो. मारणाऱ्यांत स्त्रियाही आहेत! स्त्रियांची भरती केली की ठाण्यात माणुसकी नांदेल, असे म्हणणाऱ्या भाबड्या सुधारकांनी हे डोळे उघडून पाहावे. खाकी अंगावर चढली म्हणून मनातली जात उतरत नाही.

पोलिसांचे चित्रण मंडळाला खटकते. मग संसदेवरही त्यांनी कात्री चालवावी! 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 4 थ्या कलमात, कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या बिगर-अनुसूचित सरकारी नोकरास 6 महिने ते 1 वर्ष कैद सांगितली आहे. 2015 च्या दुरुस्तीने तर फिर्याद नोंदविणे, तोंडी फिर्याद सहीपूर्वी वाचून दाखविणे, तिची नक्कल देणे ही कर्तव्ये एकेक करून लिहिली. ठाण्यात हे आपसूक घडत असते, तर संसदेला लिहावे का लागले? आणि 1972 साली देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर जे गुदरले, ज्यातील पोलिसांना 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले, ती काय पटकथा होती?

कोरेगाव भीमा येथे 1 जानेवारी 2018 रोजी हिंसाचार झाला. कासुर्डीजवळच्या यवतमध्ये 1 ऑगस्ट 2025 रोजी समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून जाळपोळ झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. अशा दिवशी रस्त्यावर उभ्या असणाऱ्या स्त्री शिपायाला वरून येणारा हुकूम आणि स्वतःची विवेकबुद्धी यांतला झगडा पडद्यावर पाहण्याचा हक्क इतर कोणाहून अधिक आहे.

मंडळाला आपल्या निर्णयाची लाज वाटत नसेल, तर कोणकोणती दृश्ये कापावयास सांगितली त्याची यादी त्याने जनतेपुढे मांडावी.