गिअर किती आहेत हो?

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लिफ्टच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, नऊ सायकली उभ्या आहेत. काल दूधवाल्याची वाट बघता बघता मोजल्या. नऊपैकी सात 'माउंटन बाईक'. (आईला हा शब्द अजून पटत नाही. तिच्या मते बाईक म्हणजे पेट्रोलवर चालते ती. ही आपली सायकल.) सातही जणींना पुढे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. सातही जणींच्या चेनवर गंज आणि सीटवर कबुतरांची कृपा.

त्यातली एक माझी आहे. त्यामुळे पुढचं सगळं बोलायचा अधिकार मला आहे, असं मी धरून चालतो.

माझं म्हणणं एका ओळीचं आहे. सायकल घेताना आपण पहिला प्रश्नच चुकीचा विचारतो. आपण विचारतो, "गिअर किती आहेत हो?" विचारायला हवं, "ही माझ्या मापाची आहे का?" बाकी सगळं त्यानंतर. आणि हा गुन्हा अडाणी माणसं करत नाहीत, आपण करतो. स्पेसिफिकेशन वाचून पोट भरणारी आपली जमात करते.

मी सायकल घेतली तेव्हा रीतसर एक्सेल शीट बनवली होती. अकरा मॉडेल्स, सात रकाने, प्रत्येक रकान्याला वेटेज. गिअर, ब्रेक, सस्पेन्शन, फ्रेमचा धातू, चाकाचा व्यास, वॉरंटी, किंमत. फ्रेमच्या मापाचा रकानाच नव्हता! म्हणजे जी वस्तू मी अंगावर घालणार होतो, तिचा साईझ सोडून बाकी सगळं मी तपासलं. बुटांच्या दुकानात जाऊन फक्त सोलचा धातू विचारण्यासारखं झालं हे.

इथवर ठीक होतं, नुकसान माझं होतं. पण मग टीममधल्या एका मुलीने विचारलं, "अरे, मला सायकल घ्यायची आहे, कुठली घेऊ?" मी मोठ्या रुबाबात ती शीट पाठवून दिली. तिची उंची पाच फूट दोन इंच. दुकानात पहिल्या नंबरचं मॉडेल फक्त अठरा इंची फ्रेममध्ये शिल्लक होतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सीट खाली करून देतो, झालं काम." आणि वर डिस्काउंट.

झालं काहीच नाही. सीट खाली केल्याने पाय टेकतात, पण हँडल जवळ येत नाही. ती बिचारी हँडलवर आडवी झाल्यासारखी बसायची. सगळा भार तळहातांवर. खडकवासल्यापर्यंत जाऊन येईतो बोटं बधिर, मान आखडलेली, पाठ दुखणारी. सहा रविवार तिने रेटलं. सातव्या रविवारी आली नाही. सोमवारी कँटीनमध्ये म्हणाली, "मला नाही रे जमत सायकलिंग. माझ्यात तेवढा स्टॅमिनाच नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दोष सायकलचा, सल्ला माझा, आणि ती शिक्षा देत होती स्वतःच्या शरीराला. त्या कोपऱ्यातल्या गंजक्या सायकलींपैकी किती जणींच्या मालकांनी असंच स्वतःला नापास करून टाकलं असेल?

आता त्या लाडक्या स्पेक्सकडे बघू.

आधी गिअर. एकवीस म्हणजे पुढे तीन चक्र, मागे सात. समजा पुढे ४२-३४-२४ दाते आणि मागे १४ ते २८. कॅल्क्युलेटर काढा. पुढच्या २४ वर आणि मागच्या १६ वर गुणोत्तर येतं १.५. पुढच्या ४२ वर आणि मागच्या २८ वर? तेही १.५! असे जवळजवळ सारखे गिअर एकत्र धरले तर एकविसातले खरे वेगळे तेरा-चौदाच उरतात. सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड गिअरमध्ये फरक साडेतीन पट. उलट आजच्या महागड्या माउंटन बाईक्सना पुढे एकच चक्र असतं, मागे बारा, १० ते ५१ दात्यांचे. गिअर फक्त बारा, पण फरक पाच पटींहून जास्त. म्हणजे आकडा कमी आणि सिंहगडाच्या घाटात सुटका जास्त. तरी आपण विचारणार, "एकवीस आहेत ना?"

मग सस्पेन्शन. चांगल्या फोर्कमध्ये स्प्रिंगबरोबर डँपिंग असतं, म्हणजे दबलेला फोर्क सावकाश वर येतो. स्वस्त फोर्कमध्ये ते नावापुरतं असतं. खड्ड्यात गेला की दबतो आणि उसळून तुम्हालाच परत धक्का देतो. वर त्याचं वजन सहज अडीच किलो. हिंजवडीच्या रस्त्यावर हे ओझं तुम्ही कशासाठी वाहता? त्यापेक्षा सव्वादोन इंची जाड टायर घ्या आणि हवा जरा कमी ठेवा. पंपावरचा पोरगा टायर दगड करून देतो, तो मोह टाळा. कच्च्या रस्त्यावर मध्यम वजनाच्या माणसाला तीस पीएसआयच्या आसपास पुरतात. ते सस्पेन्शन फुकट आहे.

चाकाचा व्यास? त्यावरून वर्षानुवर्षं धर्मयुद्ध चाललं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव कुल्हावी एकोणतीस इंची चाकांवर सुवर्ण जिंकला, निनो शुर्टर साडेसत्तावीसवर रौप्य. अंतर फक्त एक सेकंद. तो एक सेकंद आपल्याला ऑफिसला पोचताना लागू होत नाही.

या खेळाची सुरुवातच बघा ना. १९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत काही उनाड मंडळींनी डोंगरउतारावर शर्यत लावली. सायकली जुन्यापुराण्या, जाड टायरच्या, ब्रेक पायडल उलटं दाबून लागणारा. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नाव 'रीपॅक'. सस्पेन्शन नाही, डिस्क नाही. माउंटन बायकिंग जन्माला आलं ते असं.

एक कबूल करतो. पावसाळ्यात चिखलाने रिम भरते तेव्हा डिस्क ब्रेक खरंच चांगला. आणि तुम्ही खरोखर दगडधोंड्यांतून उतरणार असाल तर चांगलं सस्पेन्शन हवंच, त्याचे पैसे मोजा. पण आधी माप.

माप बघायला एक्सेल लागत नाही. सायकलवर दोन्ही पाय टेकून उभे राहा, वरच्या दांडीत आणि तुमच्यात दोन-तीन इंच हवा पाहिजे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं असावं. आणि मग वीस मिनिटं चालवून बघा. चालवू देत नसेल तर नमस्कार करा आणि दुसरं दुकान गाठा.

लहानपणी आमच्या गल्लीत तासावर सायकल भाड्याने द्यायचे. दुकानात एकही ब्रोशर नव्हतं. काका आम्हाला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळायचे आणि ओरडायचे, "याला मधली दे रे!" मोठी मागितली तर मिळायची नाही. एसी शोरूममधून नेमकी तीच नजर हरवली आहे.

गेल्या महिन्यात एका मित्राची पंधरा इंची सायकल पार्किंगमध्ये उभी होती. त्या मैत्रिणीला म्हटलं, एक चक्कर मारून बघ. नको नको म्हणत बसली. तीन चकरा मारून आली, उतरली नाही, एक पाय टेकून म्हणाली, "एवढंच होतं होय?"

हो, एवढंच होतं. आणि ते मी माझ्या शीटमध्ये लिहिलं नव्हतं.