मुख्यमंत्री महोदय, दारू सोडणाऱ्याने जायचे कुठे?

माननीय मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



दारूवरचे शुल्क गोळा करते राज्य उत्पादन शुल्क खाते. व्यसनमुक्तीचे काम सामाजिक न्याय खात्याकडे. रुग्णालये आरोग्य खात्याची, मुंबईत तर बरीचशी महापालिकेची. ही सगळी खाती एकत्र येतात ती आपल्याच टेबलावर, म्हणून हे पत्र आपल्याला. ते ‘संबंधित विभागाकडे’ पाठवून देऊ नये, ही पहिली विनंती.

माझ्या थोरल्या भावाने दारू सोडली आहे. आम्ही लालबागचे. रुग्णालयात औषधांनी त्याच्या हातांची थरथर थांबली, झोप लागू लागली. घरी सोडताना कागदावर शेवटची ओळ होती: सपोर्ट ग्रुपला नियमित जाणे. कुठल्या? कुठे? किती वाजता? खिडकीवर विचारले तर बाईंनी आतल्या खोलीकडे बोट दाखवले आणि आतल्या खोलीने पुन्हा खिडकीकडे. अखेर पत्ता मिळाला तो आमच्याच चाळीतल्या एका गृहस्थांकडून. जिन्यात गाठून, आजूबाजूला कोणी नाही असे बघून, हळू आवाजात त्यांनी वार आणि वेळ सांगितली. ते स्वतः तिथे जातात हे शेजारी राहूनही आम्हाला ठाऊक नव्हते. ते भेटले नसते तर? आपल्या एवढ्या मोठ्या यंत्रणेत हा पत्ता सांगण्याचे काम नेमके कोणाचे आहे?

तो गट अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा. ही संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली, १९५७ मध्ये भारतात आली. फी नाही, हजेरीपट नाही, आडनाव विचारत नाहीत. एक पिणारा दुसऱ्याला आपली कथा सांगतो आणि दोघेही आजच्या दिवसापुरते पीत नाहीत, एवढाच कारभार. ते बाहेरची देणगी घेत नाहीत, म्हणजे आपल्या तिजोरीवर त्यांचा डोळाही नाही. पण सभा घराजवळ हवी, संध्याकाळी कामावरून सुटल्यावर हवी, आणि मराठीत हवी. बोनसच्या दिवशी बायकोशी काय बोललो, हे माणूस परक्या भाषेत कसे सांगणार? परळच्या माणसाला ‘वांद्र्याला जा’ म्हणणे सोपे आहे. परत येताना स्टेशन ते घर या वाटेवर किती परमिट रूम लागतात, हे आपल्या उत्पादन शुल्क खात्याला तोंडपाठ असेल.

कारण परवाने तेच देते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने इथे पिणाऱ्यालाही परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांना दुकानातच मिळतो, आणि कागदोपत्री तो प्रकृती राखण्यासाठी असतो! अनंत चतुर्दशीला लालबागची दुकाने बंद ठेवण्याचा आदेशही न चुकता निघतो. आदल्या रात्री त्याच दुकानांपुढे रांग लागते, ती आपल्या अधिकाऱ्यांना दिसत नाही असे नाही.

जून २०२५ मध्ये आपल्या सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे शुल्क निर्मितीमूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पटींवर नेले. वर्षाला १४ हजार कोटी रुपये जास्त मिळतील, असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. तो पैसा कुठल्या घरांतून येतो हे मुंबईकराला शिकवायला नको. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावात कोणाच्या घरात काय झाले ते आम्ही पाहिले आहे. त्याच गिरण्यांच्या जागांवर आता बार आहेत. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेला, २०१९ चा अहवाल सांगतो की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. वाढीव १४ हजार कोटींतले किती उरलेल्या ३७ जणांसाठी आहेत?

२०११ मध्ये राज्याने व्यसनमुक्ती धोरण जाहीर केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या व्यसनातून होणारे मानसिक विकार आजार म्हणून मान्य केले आणि परवडणाऱ्या, जवळ मिळणाऱ्या उपचारांचा हक्क दिला. १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. परळ-लालबागच्या एकाही वाइन शॉपच्या पाटीवर हा नंबर मी वाचलेला नाही. बाटलीवर वैधानिक इशारा छापायला लावता, मग दुकानाच्या दारावर जवळच्या गटाचा पत्ता लावायला काय अडते?

सभांसाठी जागेची अडचण सांगू नये. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाईंनी पैसे दिले, आणि जागा होती येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात. म्हणजे मनात आणले तर सरकारला जागा देता येते. गिरगाव, दादर, परळ इथल्या महापालिका शाळांचे बरेच वर्ग संध्याकाळी कुलुपात असतात. एक वर्ग, दीड तास, काही खुर्च्या. भाडे गटातले लोक आपसात वर्गणी काढून देतील, त्यांची रीतच ती आहे.

तर मला लेखी उत्तर हवे आहे. प्रत्येक वॉर्डात संध्याकाळी असा एक वर्ग आपण कोणत्या तारखेपासून उघडून देणार? आणि जवळच्या सभांची मराठी यादी महापालिकेच्या दवाखान्यांत, ‘आपला दवाखाना’त आणि घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर कधी येणार? भावाचे नाव कळवणार नाही, गटाचा तसा नियम आहे. उत्तर माझ्या नावावर पाठवावे. नाव-पत्ता सोबतच्या प्रतीवर आहे.

आपला,
लालबागचा एक मतदार