मुंग्या पायाला, तक्रार पेशीची

लालबाग-परळच्या चाळीत औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा, म्हणजे एमडीआर टीबीचा रुग्ण असला, की त्याला भेटणारा प्रत्येक जण दोन प्रश्न हमखास विचारतो. खोकला कमी झाला का? गोळ्या वेळेवर घेता ना? पायाला मुंग्या येतात का, तळवे जळजळतात का, लाल-हिरवा रंग पूर्वीसारखाच दिसतो का, हे विचारायचे मात्र पुष्कळदा राहून जाते. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबलेला असतो, वजन वाढू लागते, घरचे निर्धास्त होतात. मग मुंग्यांची तक्रार 'अशक्तपणा आहे, जाईल' म्हणून बाजूला पडते. ती बाजूला का पडू नये, हे समजण्यासाठी थोडे पेशीच्या आत डोकवावे लागेल.

आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, मूळच्या जिवाणूंच्या वंशातल्या. दीडशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी त्यांचा पूर्वज दुसऱ्या एका पेशीत शिरला आणि तिथलाच होऊन राहिला. तंतुकणिकेला हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने लागतात. त्यांतली जवळजवळ सगळी पेशीकेंद्रातल्या जनुकांनुसार बाहेर बनून आत येतात. तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएत फक्त ३७ जनुके उरली आहेत आणि तिच्या आत अवघी १३ प्रथिने बनतात. पण ही १३ म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्राचा गाभा.

गिरणगावातल्या माणसाला यातली अडचण लगेच कळेल. यंत्राचे बहुतेक सुटे भाग बाहेरून येतात आणि मोजके भाग गिरणीतच घडवले जातात, असे समजा. आतले काम मंदावले, की बाहेरून आलेले भाग नुसते पडून राहतात आणि साचे उभे राहतात. पेशीतही जोडीदार न मिळालेली प्रथिने वेडीवाकडी होऊन साचू लागतात. पेशीकडे त्यावर बंदोबस्त आहे. काही मदतनीस प्रथिने बिघडलेल्यांना नीट घडी घालतात, काही विकरे निकामी प्रथिनांचे तुकडे करतात. भोंगा वाजावा तसा इशारा पेशीकेंद्राकडे जातो आणि तिथून जादा कुमक निघते. तरीही भागले नाही, तर अख्खी तंतुकणिका मोडीत काढून तिचा माल पुन्हा वापरला जातो. पेशीच्या या मोडीच्या कारभाराचा उलगडा करणारे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले.

हा बंदोबस्त भक्कम आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. अनेक प्रतिजैविके जिवाणूच्या रायबोझोमवर, म्हणजे प्रथिने जोडणाऱ्या यंत्रावर, घाला घालतात. आपल्या पेशीद्रवातल्या रायबोझोमची घडण वेगळी असल्याने ते वाचतात. तंतुकणिकेतले रायबोझोम मात्र जिवाणूंच्या रायबोझोमशी नाते सांगणारे. एमडीआर टीबीवरचे लिनेझोलिड, अमिनो आम्ले जिथे एकमेकांना जोडली जातात नेमक्या त्या जागी जाऊन बसते. टीबीच्या जंतूत बसते, तसे काही प्रमाणात आपल्या तंतुकणिकांतही बसते. इतर संसर्गांसाठी हे औषध जास्तीत जास्त २८ दिवस द्यायचे ठरले होते. टीबीत ते कित्येक महिने घ्यावे लागते. मग रक्त तयार करणारी अस्थिमज्जा, पायांच्या लांबलचक नसा आणि डोळ्यांची नस इथे तूट दिसू लागते.

म्हणून औषध टाकून द्यावे का? मुळीच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या निक्स-टीबी चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि रोज १२०० मिलिग्रॅम लिनेझोलिड या उपचाराने अत्यंत चिवट टीबीचे १०९ पैकी सुमारे ९० टक्के रुग्ण सावरले. पण ८१ टक्के रुग्णांच्या नसांना त्रास झाला. पुढच्या झेनिक्स चाचणीचे निष्कर्ष २०२२ चे. तिच्यात मात्रा ६०० मिलिग्रॅमवर आणली, तेव्हा ९१ टक्के रुग्ण सावरले आणि नसांचा त्रास २४ टक्क्यांवर आला. ही निम्मी मात्रा ठरली, कारण पहिल्या चाचणीत प्रत्येक रुग्णाच्या पायांची, डोळ्यांची आणि रक्ताची विचारपूस झाली होती. बरा झालेला रुग्ण मोजून कोणी थांबले असते, तर हे कळलेच नसते.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने याच औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारपद्धतीला मान्यता दिली. पूर्वी जे उपचार वीस महिन्यांपर्यंत चालत, ते आता इतके आटोपशीर झाले. शिवडीच्या टीबी रुग्णालयापासून वॉर्डातल्या दवाखान्यापर्यंत सगळ्यांसाठीच ही मोठी सोय आहे. सरकारी कार्यक्रमात गोळ्या मोफत मिळतात. तितक्याच हक्काने रुग्णाच्या पदरात तपासणीही पडली पाहिजे: ठरलेल्या तारखांना रक्ततपासणी, रंगदृष्टीच्या पाटीवर डोळ्यांची चाचणी आणि पायांची विचारपूस, तीही शक्य तितकी घराजवळ. एका रक्ततपासणीसाठी रोजंदारी बुडवावी लागली, तर माणूस पुढच्या वेळी येत नाही. घरी जाणाऱ्या आरोग्यसेविकेच्या कार्डावर खोकल्याशेजारी 'मुंग्या' आणि 'रंग' असे दोन रकाने छापायला फारसा खर्च येत नाही.

रुग्णानेही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मुंग्या आल्या, नजर धुरकट झाली, मळमळीबरोबर धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच वेळी गोळी आपल्या मनाने बंदही करू नये, कारण अर्धवट उपचाराने जंतू आणखी चिवट होतो. मात्रा कमी करायची, काही दिवस थांबवायची की औषध बदलायचे, ते डॉक्टर ठरवतील. वेळेत थांबवले तर रक्त भरून येते, नजरही बहुधा सुधारते. पायांचा बधिरपणा मात्र दीर्घकाळ रेंगाळू शकतो. उशीर तिथेच महागात पडतो.

पेशी आपला इशारा देण्यात कसूर करत नाही. तो ऐकणारे कोणी असावे, एवढी व्यवस्था आपली.