विश्लेषण : कोठडीच्या दारातील झडप कुणासाठी?

भारतीय दंड संहिता गेली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. एकांतवासाची शिक्षा मात्र कायम राहिली. जुनी कलमे ७३ आणि ७४ आता ११ आणि १२ झाली, एवढाच फरक. ही शिक्षा काढून टाकावी, असे विधि आयोगाने १९७१ मध्येच ४२ व्या अहवालात सुचवले होते. एकांतवास एकूण तीन महिन्यांपर्यंत आणि सलग १४ दिवसांपेक्षा अधिक नाही, ही मर्यादा संहितेत आहे. आत नेमका किती एकांत, हे मात्र त्यात नाही. ते बरेचसे कोठडीच्या दारावरून ठरते.

जुनी दारे कशी होती?

अमेरिकेत फिलाडेल्फियात १८२९ मध्ये ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी सुरू झाली. तिथल्या सुरुवातीच्या कोठड्यांना आतल्या मार्गिकेकडे दारच नव्हते, फक्त अन्न आत देण्यापुरती खिडकी होती. कैद्याला मागच्या छोट्या अंगणातून आत नेत. कैदी एकटा राहिला की पश्चात्ताप करील, ही त्यामागची कल्पना. चार्ल्स डिकन्स यांनी १८४२ मध्ये हा तुरुंग पाहून या पद्धतीवर कडाडून टीका केली.

अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये (बांधकाम १८९६ ते १९०६) दारे गजांची होती, म्हणजे वाराही येई आणि आवाजही. तिथे एकांत साधला तो इमारतीच्या रचनेतून. एका इमारतीचा दर्शनी भाग दुसरीच्या पाठीसमोर, त्यामुळे कैद्याला समोर माणूस दिसू नये. झरोका सुमारे तीन मीटर उंच. कडी दारापासून दूर भिंतीतल्या कोनाड्यात, आतून हात पोहोचणार नाही अशी.

कायदा काय सांगतो?

गंमत अशी की, ब्रिटिशांच्याच १८९४ च्या तुरुंग कायद्याचे कलम २९ वेगळे बोलते. कैद्याला कोणत्याही वेळी तुरुंग अधिकाऱ्याशी संपर्क साधता येईल अशी सोय असल्याशिवाय कोठडी एकांतवासासाठी वापरता येत नाही. २४ तासांहून अधिक काळ कोंडलेल्या कैद्याला वैद्यकीय कर्मचाऱ्याने रोज भेटायचे असते. मुद्दा बारीक, पण कळीचा आहे. बाहेरून उघडणारी झडप पहारेकऱ्याच्या सोयीची. कायद्याला हवी आहे ती आतून हाक मारण्याची सोय. रात्री छातीत कळ आली तर हा फरक जिवावर बेतू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या सुनील बत्रा खटल्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. फाशीच्या कैद्याला वेगळे ठेवण्याची तरतूद (कलम ३०) म्हणजे तुरुंग प्रशासनाला एकांतवास लादण्याचा अधिकार नव्हे. ती शिक्षा न्यायालयाने दिली तरच.

झडप पुरेशी आहे?

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या ‘नेल्सन मंडेला नियमां’नुसार दिवसाचे २२ तास वा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काशिवाय ठेवणे म्हणजे एकांतवास, सलग १५ दिवसांवर गेल्यास तो निषिद्ध. फटीतून ताट सरकवण्याला अर्थपूर्ण संपर्क म्हणणे कठीणच.

तुरुंग हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय. केंद्राने २०२३ मध्ये आदर्श तुरुंग कायदा राज्यांकडे पाठवला. त्यानुसार राज्ये १८९४ चा कायदा मोडीत काढतील, तेव्हा कलम २९ मधील ही तरतूद नव्या मजकुरात उरते का आणि ती प्रत्येक कोठडीच्या दारापर्यंत पोहोचते का, हे तपासावे लागेल.