सगळेच तरंगत नाही

इंग्रजी शिकविणाऱ्या मार्गदर्शिकांतून आणि वर्तमानपत्री भाषांतरांतून एका मराठी क्रियापदावर गेली कित्येक वर्षे जो जुलूम चालला आहे, त्याविरुद्ध फिर्याद गुदरणे आम्हांस भाग आहे. ते क्रियापद म्हणजे ‘तरंगणे’. इंग्रजीत ‘फ्लोट’ आले की तरंगणे, ‘ड्रिफ्ट’ आले की तरंगणे, ‘हॉवर’ आले की तरंगणे, आणि ‘वाफ्ट’ आले की ‘हवेतून तरंगत येणे’. पीस तरंगते, घार तरंगते, गाभाऱ्यातला धुपाचा वासही तरंगतो! एवढे करून हीच मंडळी सांगणार की मराठीत शब्दच नाहीत. ज्याने घर लुटले त्यानेच मालकाला दिवाळखोर म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

आमचा पहिला आक्षेप मात्र इंग्रजीच्याच वतीने आहे. ही क्रियापदे त्या भाषेत समानार्थी कधीच नव्हती. वस्तू हवेतून हळुवार चालली आहे ती कोणाच्या बळावर, ह्या एका प्रश्नाला त्यांतील प्रत्येकाचे उत्तर निराळे आहे. वस्तू खाली पडत नाही, एवढेच ‘फ्लोट’ सांगते. ती कोठे जाते ह्याविषयी ते मौन पाळते. ‘ड्रिफ्ट’ हे ‘ड्राइव्ह’च्या, म्हणजे हाकण्याच्या, कुळातले. हाकणारा वारा, हाकल्या जाणाऱ्याच्या हाती सुकाणू नाही. म्हणूनच ध्येयावाचून आयुष्य कंठणाऱ्या माणसालाही इंग्रज हेच क्रियापद लावतो, आणि त्यात ठपक्याची छटा असते. ‘ग्लाइड’मध्ये दिशा आहे, धडपड नाही. ‘हॉवर’मध्ये धडपड आहे, पण जागा सुटत नाही: आपल्या तळ्यांवरचा काळापांढरा खंड्या मासा टिपण्यापूर्वी एकाच ठिकाणी पंख मारीत राहतो, ते हॉवर. त्याची नजर कोठे लागली आहे हे पाण्यातल्या माशाखेरीज सर्वांस कळते.

‘वाफ्ट’ची कुळकथा तर सर्वांत मौजेची. व्यापारी गलबतांना सोबत करणाऱ्या सशस्त्र जहाजाला इंग्रजीत एके काळी ‘वाफ्टर’ म्हणत. त्याचे मूळ पहारेकरी ह्या अर्थाच्या डच शब्दात सांगतात. त्यावरून ‘वाफ्ट’ म्हणजे गलबते सांभाळून नेणे. पुढे नुसते पाण्यावरून नेणे. आणि शेवटी पहारेकऱ्याची जागा वाऱ्याने घेतली. तोफा गेल्या, हळुवारपणा उरला. पण वाहून नेणारा कोणी दुसरा आहे, ही मूळची खूण पुसली गेली नाही. ‘फ्लोट’ आणि ‘सेल’ हीही अशीच पाण्यावरून हवेत चढलेली. बेटावरचे दर्यावर्दी लोक. त्यांनी आकाशही बोटीच्या भाषेत मोजले. आपले ‘तरंगणे’ तरी तरंगावरूनच आले आहे, तेव्हा ह्यात हसण्यासारखे काही नाही.

आता मराठीचा जमाखर्च. वाऱ्यावरचे पान भिरभिरते. सुकाणू सुटलेले भरकटते किंवा वाहवत जाते, आणि ह्या दोन्हींत ‘ड्रिफ्ट’मधला ठपका जसाच्या तसा आहे. वास दरवळतो. कोंकणी बहीण परमळाची गोष्ट करते, तिच्याकडेही उसनवारीची गरज नाही. मात्र ‘वाफ्ट’ म्हणजे ‘दरवळणे’ असे छापणाऱ्यांनाही आम्ही सोडणार नाही. दरवळण्यात वाहक नसतो. सुरंगीचा वळेसर आपणच घर भरून टाकतो. शिवाय ‘वाफ्ट’ने दूरचा सनईचा सूर येतो, राखेचा कण येतो, ते काही दरवळत नाहीत. तेथे ‘झुळुकीबरोबर आला’ असेच म्हटले पाहिजे. ‘हॉवर’ला आमच्याकडे एकशब्दी उत्तर नाही. घिरट्या घालणे म्हणजे गोल फिरणे, ते हे नव्हे. तेव्हा चार शब्द खर्चावेत आणि ‘एका जागी अधांतरी राहिला’ असे लिहावे. शब्द खर्चण्यात दारिद्र्य नाही. खोटे नाणे चालविण्यात आहे.

हा वैयाकरणांचा फावल्या वेळचा वाद आहे असे कोणास वाटेल, तर त्याने आमच्या व्यवसायात डोकवावे. कंपनीच्या रोज बदलत्या मालावर धनकोचा जो बोजा असतो, त्याला ‘फ्लोटिंग चार्ज’ म्हणतात. 1904 साली इलिंगवर्थ विरुद्ध होल्ड्सवर्थ ह्या खटल्यात लॉर्ड मॅक्नॉटन यांनी त्याचे स्वरूप सांगताना ‘हॉवर’ आणि ‘फ्लोट’ ही दोन्ही क्रियापदे शेजारी शेजारी योजली. बोजा मालावर अधांतरी राहतो आणि मालाबरोबर चालतोही. ठरलेली घटना घडली म्हणजे खाली उतरून त्याला चिकटतो. तोवर व्यापाऱ्याला माल विकण्याची मोकळीक. दोहोंचे भाषांतर ‘तरंगणे’ केले की धनकोची नजरही गेली आणि व्यापाऱ्याची मोकळीकही गेली.

साध्या माणसाचे उदाहरण घ्या. समजा, कोणा बाईच्या परसावर शेजाऱ्याचे ड्रोन आले. ती मराठीत किंवा कोंकणीत सांगते, न्यायालय इंग्रजीत टिपून घेते. ‘हॉवर’ लिहिले तर शेजारी मुद्दाम डोकावत होता. ‘ड्रिफ्ट’ लिहिले तर वाऱ्याचा दोष. फौजदारी खटल्यात टिपलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखविण्याची, आणि तिची भाषा त्याला कळत नसेल तर समजावून देण्याची तरतूद कायद्याने केली आहे, ती अशाच चुका पकडण्यासाठी. पण समजावून देणारा आमच्या मार्गदर्शिकांवर वाढलेला. कागदावर ‘ड्रिफ्ट’ असो की ‘हॉवर’, तो म्हणणार, “ड्रोन तरंगत होते, बरोबर?” बाई म्हणणार, “होय साहेब.” आणि खाली न्यायाधीशांची सही होणार.