पाडव्याचा मुहूर्त आणि घराचा करार

आज चैत्र शुद्ध प्रतिपदा. शालिवाहन शकाच्या नव्या वर्षाचा हा पहिला दिवस आणि साडेतीन मुहूर्तांपैकी एक. दारोदारी गुढ्या उभ्या राहतील, कडुनिंबाचा प्रसाद घेतला जाईल, पंचांगश्रवण होईल. आणि याच मंगल दिवशी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतील कितीतरी कुटुंबे आयुष्यातील पहिल्या घरासाठी विसार देण्यास बाहेर पडतील. भाड्याच्या दोन खोल्यांत ज्यांनी संसार केला, त्यांच्या मनात स्वतःच्या दारी गुढी उभारण्याची इच्छा किती खोलवर रुजलेली असते, हे आम्ही जाणतो. त्या इच्छेला आमचे मनःपूर्वक अभीष्टचिंतन आहे. तथापि, अभीष्टचिंतनाबरोबर दोन शब्द सावधगिरीचेही बोलणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील म्हणत आले. आज घर बांधण्याऐवजी बांधलेले, किंबहुना बांधावयाचे असलेले, घर विकत घेण्याचा काळ आहे. परीक्षा मात्र तितकीच कठीण राहिली आहे. पाडव्याच्या आठवड्यात वर्तमानपत्रांची पाने, त्यांत आमचीही आली, सदनिकांच्या जाहिरातींनी भरून जातात. ‘सवलत केवळ मुहूर्तापुरती’ हे शब्द वाचून कुटुंबप्रमुख घाईने पुढे होतो. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि प्रसंगी घरातील दागिने मोडून आलेले पैसे एका दुपारी दुसऱ्याच्या हाती जातात, आणि कागद वाचावयाचे राहून जातात. मुहूर्त साधतो, परंतु पुढे घराचा ताबा वर्षानुवर्षे लांबला, की एका हाताने भाडे आणि दुसऱ्या हाताने कर्जाचा हप्ता भरण्याची पाळी त्याच कुटुंबावर येते.

मुहूर्त पाहूच नये, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, आपल्या धर्माने मुहूर्ताबरोबर जी शिस्त सांगितली आहे, तीही पाळावी. कोणत्याही पूजेचा आरंभ संकल्पाने होतो. यजमान देश, काल, स्वतःचे नाव, गोत्र आणि हेतू स्पष्ट शब्दांत उच्चारतो. मोघम संकल्प कोणी सोडत नाही. पुण्याहवाचनात तर यजमान ब्राह्मणांना विचारतो आणि त्यांच्या तोंडून दिवसाचे पुण्यत्व वदवून घेतो. विचारणे हे अश्रद्धेचे लक्षण असते, तर त्याला विधीत स्थान मिळाले नसते. मग ज्या व्यवहारावर कुटुंबाची २० वर्षांची कमाई लागावयाची, त्यात प्रश्न विचारण्यास संकोच का वाटावा? घराचा करारनामा हा व्यवहारातील संकल्पच होय. त्यात कोण, कोणाकडून, कोठे, किती क्षेत्राचे, किती किमतीला आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सारे उच्चारलेले असले पाहिजे.

कायदाही आज ग्राहकाच्या पाठीशी उभा आहे. महाराष्ट्रात १९६३ साली सदनिकांच्या मालकीचा कायदा झाला. त्यानंतर केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार १ मे २०१७ पासून ‘महारेरा’ प्राधिकरणाचे काम सुरू झाले. करारनामा करून तो नोंदविल्याशिवाय विकासकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांसाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ठरल्या तारखेस ताबा न मिळाल्यास ग्राहकास व्याजासह पैसे परत मागता येतात. घर सोडावयाचे नसेल, तर विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागता येते. प्रकल्पाची नोंद, मंजूर नकाशे आणि ताब्याची तारीख ही माहिती महारेराच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. पंचांग उघडण्यापूर्वी घरातील सुशिक्षित मुला-मुलींनी ती पाहून वडीलधाऱ्यांस वाचून दाखवावी.

याखेरीज सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका वकिलाकडून तपासून घ्यावी. जमिनीवर बोजा आहे काय, पूर्वीचे व्यवहार कसे झाले, हे त्यातून व जुन्या दस्तांच्या शोधातून कळते. तयार घर असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र मागावे. वास्तुशांतीत आपण वास्तुपुरुषाची प्रतिमा भक्तिभावाने फरशीखाली ठेवतो. ज्या इमारतीत राहण्याची परवानगीच मिळालेली नाही, तेथे ती ठेवून मन निर्धास्त कसे व्हावे?

ऋणाचा विचारही तितकाच महत्त्वाचा. ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे ३४,७०० रुपये हप्ता पडतो आणि एकूण फेड ८३ लाखांच्या वर जाते. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांची तरतूद बहुधा स्वतःच्या गाठीतूनच करावी लागते. हा हिशेब पती-पत्नींनी एकत्र बसून मांडावा. गृहलक्ष्मीस आपण घराची स्वामिनी म्हणतो, पण दस्तावर तिचे नाव क्वचितच दिसते. राज्यात एप्रिल २०२१ पासून निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ५० लाखांच्या घरावर ती ५० हजार रुपये होते. शब्दांतील सन्मान कागदावर आणण्याचा हा सुयोग आहे.

कोणी म्हणेल, एवढी चौकशी करीत बसलो तर मुहूर्त निघून जाईल. जाऊ द्यावा. आपल्या पूर्वजांनी वर्षात एकच नव्हे, साडेतीन मुहूर्त ठेविले आहेत. पाडवा चुकला तर अक्षय्य तृतीया आहे, तिच्यामागून विजयादशमी आणि बलिप्रतिपदा आहे. हातचा दिवस गेला तर पुन्हा येतो. चुकीच्या जागी गेलेली आयुष्याची पुंजी सहसा परत येत नाही. आज गुढीपुढे बसून घराचा संकल्प अवश्य करावा, कागद मागवावेत, ते वाचावेत, जाणत्यांस विचारावे. विसार मात्र मन आणि कागद दोन्ही स्वच्छ झाल्यावरच द्यावा.

ज्यांच्या घराचा शोध आज सुरू होत आहे, त्यांच्या स्वतःच्या उंबरठ्यावर लवकरच गुढी उभी राहो आणि त्या वास्तूत अन्न, आरोग्य व समाधान नांदो, हीच नववर्षाच्या आरंभी परमेश्वरचरणी आमची प्रार्थना.